सकाळचा हात

पोरीच्या हातातून पयली बशी पडली तवा तिच्या बापानं तिच्या कमरंत लाथ घातली. चहा त्याच्या पायजम्यावर सांडला व्हता, कढत. पोरगी भिंतीला जाऊन आदळली, उठली आन् चूपचाप फडकं घेऊन पुसाया लागली. मी चुलीपाशी भाकर थापून राहिले व्हते. म्या मान वर केली न्हाई. बापानं लेकीला मारनं ही आमच्या घरात मान वर करून बघायची गोष्ट नव्हती. माझा दादला मला कुऱ्हाडीच्या दांड्यानं हानायचा. माझ्या सासऱ्यानं सासूचे दोन दात पाडले व्हते. घर असंच चालतं म्हनून आमी जगलो.

नात तवा पंधराची, नववीला. माझ्या लेकाची एकुलती पोरगी, तिच्या पाठीवर लेकरू झालं न्हाई. रंगानं माझ्यावानी काळी, आन् सुईदोऱ्यात अशी हुशार की गावातल्या बाया वाकळ शिवायला तिलाच बोलवायच्या. दुपारच्याला उंबऱ्यात बसून टाका घालायची, मुंगीच्या पावलायवानी बारीक. आन् तीच पोरगी सकाळी हातातला तांब्या फेकून द्यायची. फेकायची म्हनते, कारन तो पडल्यावानी पडत नव्हता. हात खांद्यापासून झटकायचा, जसं काई इंचवानं नांगी मारली, आन् वस्तू चार हात लांब. तांब्या गेला, दुधाचं भगुनं गेलं. केस इंचरताना फनी उडायची.

"काहून फेकलं गं?"

"म्या न्हाई फेकलं, आजी. हातच उडला."

"हात उडाया तू काय चिमनी हायस?"

सून म्हनायची, धसमुसळी हाय, सासू भेटली की सरळ व्हईल. लेक म्हनायचा, माज आला. एका सकाळी त्यानं तिच्या कानशिलात अशी दिली की तीन दिवस तिला त्या कानानं ऐकू आलं न्हाई. शाळंतल्या बाईनं इचारलं तर पोरीनं सांगलं, बैलाचं शिंग लागलं.

मंग हळद शिजवायचे दिवस आले. आमच्याकडं वसमतच्या बाजूला हळद म्हंजे घरातल्या समद्याचं काम. काढायची, कढईत शिजवायची, वाळवायची. ऊन चढायच्या आत दोन कढया उतरल्या पायजेत म्हनून जाळ लई आदी लागतो. पोरीला उठवायचं काम माझं. ती नववीचा अभ्यास करून उशिरा झोपायची आन् मी तीनला तिच्या पायाला चिमटा घ्यायची. नुसतं बोलून उठत नव्हती. चिमट्यानं बी उठली न्हाई तर तोंडावर पानी मारायची. आठ दिवस असं चाललं.

नवव्या दिवशी, उजेड फुटायच्या येळंला, पोरगी बादलीनं कढईतलं उकळतं पानी काढून राहिली व्हती. हात उडला. समदं पानी सुनंच्या दोनी पायावर. सून अशी वरडली की झाडावरचे पाखरं उठले. पायाची चामडी मोज्यावानी निघून आली. लेकानं बैलाचा कासरा घेतला आन् पोरीला जमिनीवर पाडून हानाया लागला.

"मायला मारतीस? मायवर पानी वततीस?"

दहाएक फटके बसले असतील. मंग पोरीनं एक आवाज काढला, मानसाचा न्हाई वाटनार असा, आन् तिचं अंग लाकूड झालं. डोळे पांढरे. दातखिळी. त्याच्या मागून हातपाय मातीवर आपटाया लागले, टाचा घासून रगत आलं, तोंडातून फेस आला तोबी लाल, जीभ चावली व्हती. लेकाच्या हातातला कासरा गळला. तो माझ्याकडं बघून म्हनाला, "माय, मेली का गं? म्या मारली का?"

मेली नव्हती. थोड्या येळानं घोरायला लागली, परकर वला झाला व्हता तिचा. उठली तवा तिला काई ठाऊक नव्हतं. मायच्या पायाकडं बघून इचारलं, "आई, तुझ्या पायाला काय झालं?" त्यावर लेकाला अजून राग आला, म्हनाला, बघ कशी नाटक करती.

तिथून आमचं फिरनं सुरू झालं. गावच्या डाक्टरानं सलाईन लावलं, म्हनाला कमजोरी हाय. पंधरा दिवसांनी तसंच परत. हिंगोलीला नेलं. त्या डाक्टरानं इचारलं, "आणखी काही त्रास? हातपाय, नजर, काही सांगण्यासारखं?" सुनंनं माझ्याकडं बघितलं, म्या लेकाकडं. लेक म्हनाला, "न्हाई साहेब. फक्त पडती."

बश्याचं, तांब्याचं कोनी बोललं न्हाई. एक तर सांडनं-फोडनं ही दवाखान्यात सांगायची गोष्ट हाय असं आमाला वाटलंच न्हाई. ती खोड. आन् दुसरं, खरं सांगते, सांडल्याचं सांगावं तर त्यापायी मारल्याचं बी सांगावं लागतं. पोरगी बी खाली बघून बसली. तिला बी ती आपली चूकच वाटत व्हती.

डाक्टर म्हनाला, पोरीचं वय हाय, मनाचं हाय, लगन करून टाका, बंद पडंल. मंग कोनी म्हनालं नांदेडला डोस्क्याचा फोटो काढा. मोठ्या मशिनीत घालून काढला. फोटो साफ आला. काईच न्हाई त्यात. आमी जीपमधून परत येताना लेक मांडीवर तो फोटो धरून बसला व्हता. म्हनाला, "माय, मशिनीला दिसलं न्हाई म्हंजे दवाखान्यातलं न्हाई. बाहेरचं हाय."

मला बी ते बराबर वाटलं. मशिनीला दिसत न्हाई आन् पोरगी तर आपटून राहिली. मंग दुसरं काय असंल?

आता माझं सांगते. मला डाग द्यायचं येतं. माझ्या मायपासून आलेलं. लेकराचं पोट फुगलं, झटके आले, की बाया माझ्याकडं आनायच्या. इळ्याचं टोक जाळात लाल करायचं आन् टेकवायचं, मोजून एक दम. म्या गावात किती लेकरायला डाग दिला ते मोजलं न्हाई. काई जगले, काई मेले. जे जगले त्यांच्या मायनं माझ्या पाया पडून नारळ दिला. जे मेले त्यांचं नशीब म्हनलं.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी म्या इळा चुलीत घातला. सून पोरीच्या पायावर बसली. सुनंचे सोताचे पाय अजून पट्टीत व्हते. लेकानं हात धरले. म्या पोरीचा झंपर वर केला. मानंच्या खाली एक, पाठीवर दोन. वास आला, आपल्याच चुलीतून मांस जळल्याचा. पोरगी वरडत व्हती आन् काय म्हनत व्हती ते मला आजबी ऐकू येतं. "आजी, मी परत न्हाई पाडनार. न्हाई पाडनार काईच. पाडलं तर हात तोड माझा." म्या म्हनलं, "गप. झालं आता." आन् तिसरा दिला.

आठव्या दिवशी परत आकडी आली, डागावरची खपली फुटली, पातळ रगत आन् पू.

मंग लेक एका भगताकडं घेऊन गेला, औंढ्याच्या पलीकडल्या एका खेड्यात. मी संगं व्हते. भगत काई म्हातारा न्हाई, लेकाच्याच वयाचा, हातात मोबाईल. त्यानं पोरीचे केस मुठीत धरले आन् नाकाखाली मिरच्याचा धूर दिला.

"सांग! कोन हायस तू? नाव सांग!"

पोरीनं खोकत खोकत आपलं नाव सांगलं.

"खोटं!" चपलंनं थोबाडात. "तुपलं नाव सांग! हिचं न्हाई!"

तिनं परत आपलंच नाव सांगलं, बापाचं नाव लावून, आडनावासकट, शाळंत सांगतात तसं. परत चप्पल. असं लई येळ झालं. शेवटी ती म्हनाली, "तुमी सांगा कोनतं नाव घेऊ, तेच घेते." भगत हसला. म्हनाला, बघा कसं बेरकी हाय आतलं.

त्यानं पाच सोमवार सांगले. आदल्या राती पोरीनं डोळ्याला डोळा लावायचा न्हाई, झोपंत ते शिरतं म्हनून. दिवस उगवायच्या आत हिरीवर गार पान्यानं आंघोळ, वल्या अंगानं गावाबाहेरच्या महादेवाला पाच फेऱ्या. पोटात काई न्हाई. आन् आकडी आली तर सोडायचं न्हाई. हानायचं, नाव सांगेपर्यंत हानायचं, कारन तवा मार तिला बसत न्हाई, त्याला बसतो.

तिला जागी ठेवायचं काम बी माझंच. मान लवली की मी टोचायची.

पयल्या सोमवारी एक आकडी आली. दुसऱ्या सोमवारी दोन. लेकानं भगताला फोन लावला. तो म्हनाला, चवताळलंय, म्हंजे लागू पडून राहिलंय, आता मागं सरू नका. तिसऱ्या सोमवारी पोरगी दगडावर तोंडावर पडली, समोरचा दात अर्धा तुटला. दोन सोमवाराच्या मधी ती ठीक असायची, निस्ती वाळत चालली व्हती. दुपारी सुई घेऊन बसायची. एकदा मला म्हनाली, "आजी, पाचव्या सोमवारी मी मरनार बग." अशी म्हनाली जसं काई उद्या बाजार हाय.

चौथा सोमवार. पोरीनं हिरीवर आंघोळ केली, दात वाजून राहिले व्हते. महादेवाच्या वट्ट्यापाशी पोचलो आन् तिचा हात उडाया लागला, एकदा, दोनदा, तांब्या झुडपात गेला. ती माझ्याकडं वळून म्हनाली, "आजी, आलं." आन् खाली. लेकानं कमरंचा कासरा सोडला. हानाया लागला. "नाव सांग! नाव सांग रांडे!" पोरीचं डोस्कं वट्ट्याच्या दगडावर आपटत व्हतं, दन दन, आन् वरून कासरा. वले कपडे, प्रत्येक फटक्याला पानी उडायचं. सून तोंडात पदर कोंबून उभी. आकडी थांबंना. आदी थोड्या येळात थांबायची, ती थांबंना. पोरीचं तोंड निळं पडाया लागलं.

"बस कर," म्या म्हनलं.

"भगत म्हनला सोडायचं न्हाई!"

"ती मरून राहिली."

"तू मधी पडू नको, माय!"

माझ्या हातात माझी बाभळीची काठी व्हती. म्या जन्मात कोन्या मानसावर हात उचलला नव्हता. बायावर, लेकरायवर उचलला, मानसावर न्हाई. म्या काठी दोनी हातानं धरली आन् लेकाच्या मनगटावर मारली. कटकन आवाज झाला. त्यानं माझ्याकडं बघितलं, हात लोंबत व्हता, आन् कासरा दुसऱ्या हातात घ्याया गेला. म्या दुसरी त्याच्या गुडघ्यावर मारली. तो बसला. म्या म्हनलं, "आता उठलास तर डोस्क्यात घालीन. तुला म्याच जन्म दिला, म्याच नेईन."

तो रडाया लागला, लहान पोरावानी. पोरीची आकडी थांबली तवा उजेड झाला व्हता.

जीप केली ती लेकाच्या हातासाठी. पोरगी मागच्या सीटावर माझ्या मांडीवर, अर्धी शुद्धीत. तिच्यासाठी म्हनून कोनी जीप केली नसती, तिचा इलाज तर चालूच व्हता. नांदेडच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात लेकाला भरती केलं, हाताला पिलास्टर घातलं. कसं मोडलं इचारलं तर लेक म्हनाला, हिरीवर घसरलो. आमी तिघी बाया व्हरांड्यात सतरंजी टाकून पडलो. तिथं कुठली झोप. मानसाची कन्हनी, डास, ट्रॉलीचा आवाज.

सकाळी सुनंनं खालून चहा आनला. पोरीनं कप बापाला द्याया हात पुढं केला, आन् हात उडला. बराबर त्याच येळंला एक डाक्टरीन खाटंपाशी आली व्हती, बारकी पोरगीच दिसायची, शिकाऊ असंल. समदा चहा तिच्या पांढऱ्या कोटावर. लेकानं खाटंवरूनच चांगला हात उचलला पोरीला हानायला. पिलास्टर गळ्यात आन् तरी हात उचलला.

"ए! हात खाली!" डाक्टरीन अशी वरडली की सगळा वार्ड गप. सोताच्या कोटाकडं तिनं बघितलंच न्हाई. पोरीचा हात धरला. "हे परत होतं का? असा हात उडणं?"

सून म्हनाली, "माफ करा म्याडम, ती धसमुसळीच हाय."

"मी तिला विचारतेय. कधी होतं?"

पोरगी माझ्याकडं बघाया लागली. तवा मला कळंना की काहून, पन म्या बोलले. म्हनलं, "सकाळी. निस्तं सकाळी. दुपारी ती सुई ववती, येका दमात. दुपारी तिच्या हातातून टाचनी बी पडत न्हाई."

"झोप कमी झाल्यावर जास्त होतं?"

आता हे कोनी इचारलंच नव्हतं. मी उभ्या जागी मोजाया लागले. हळदीचे दिवस. सोमवार. समदे सोमवार. म्या म्हनलं, "व्हय. मीच उठवते तिला."

डाक्टरीन तिला पडद्यामागं घेऊन गेली तपासायला. बाहेर आली तवा तिचा चेहरा बदलला व्हता.

"पाठीवर हे भाजल्याचं कुणी केलं?"

लेक छताकडं बघून राहिला. सून जमिनीकडं.

"म्या," म्या म्हनलं. "इळ्यानं."

"आणि वळ?"

"त्यानं. आन् त्याचा हात म्या मोडला. तो घसरला न्हाई."

शेजारच्या खाटंवरचा म्हातारा फिसकन हसला. डाक्टरीन हसली न्हाई. ती म्हनाली, मला हे वर कळवावं लागंल. म्या म्हनलं, "कळवा. पन आदी तिला काय झालंय ते सांगा. आमी सगळीकडं इचारून आलो."

तिनं पोरीला मेंदूच्या डाक्टराकडं नेलं. तिथं डोस्क्याला बारीक बारीक वायरी चिकटवल्या आन् कागदावर रेघा काढल्या. त्या डाक्टरानं मला समोर बसवलं. लेकाला न्हाई, मला. म्हनाला, "आजी, शेतात मोटर आहे ना? मोटर चांगली, पाइप चांगला, पण लाइट झटके मारायला लागली तर काय होतं?"

"मोटर उडती."

"मोटरचा फोटो काढला तर झटका दिसेल का फोटोत?"

म्या न्हाई म्हनून मान हलवली.

"तसंच. फोटो साफ येणारच. या पोरीच्या मेंदूतली लाइट झटके मारते. याच वयात सुरू होतं, सकाळी होतं, झोप मोडली की जास्त होतं. हात उडणं ही त्याची सुरुवात होती. ते कुणी आधी सांगितलं असतं तर फार आधी कळलं असतं. रोज गोळी आणि पोटभर झोप. जागरण नाही, उपास नाही. भूत नाही, नाटक नाही. तिची चूक तर अजिबात नाही."

पोरगी दारात उभी राहून ऐकत व्हती. तिनं डाक्टरला एकच इचारलं, "म्हंजे बशी म्या फेकत नव्हते?"

"नव्हतीस."

ती बापाकडं गेली, खाटंपाशी उभी राहिली, आन् त्याला तेच सांगलं, शब्दाला शब्द. "म्या फेकत नव्हते." त्यानं तोंड फिरवलं. दुपारी पोलिसाचा एक मानूस येऊन आमचे जबाब लिहून गेला. म्या जे केलं ते सांगलं, अंगठा न्हाई, सही केली, तेवढी येती मला.

आता गोळी चालू हाय. पोरगी दिवस वर येईपर्यंत झोपती. शेजारीन कुडावरून म्हनती, "काय गं म्हातारे, रानीसाहेब उठल्या का?" मी म्हनते, "उठल्या की तुला हाळी मारते, पाय दाबाया ये." एकदा पोरीच्या मावसबहिनीच्या लग्नात जागरन झालं, गोळी बी चुकली, आन् मांडवातच आकडी आली. लोकं चप्पल काढून धावले नाकाला लावायला. लेकानं त्यांना ढकललं आन् डाक्टरानं दाखवलं तसं तिला कुशीवर केलं, वाकड्या मनगटानं. तिच्यासाठी आलेल्या दोन सोयरिकी तिथंच मोडल्या. पोरगी म्हनाली बरं झालं, मला बारावी करायची हाय.

तिच्या पाठीवरचे डाग उन्हाळ्यात खाजतात, चामडी वढती. परवा ती झंपर सैल करून बसली व्हती म्हनून म्या खोबऱ्याचं तेल घेऊन गेले. ती म्हनाली, "थांब आजी. एक इचारू? तवा तुला काय वाटलं व्हतं? माझ्यात भूत हाय, का मी नाटक करते?"

म्या खरं सांगलं. म्हनलं, "काईच वाटलं न्हाई. इचारच केला न्हाई. मला डाग द्यायचं येत व्हतं, म्हनून दिला."

तिनं माझ्या हातातली तेलाची बाटली घेतली आन् मायच्या हातात दिली. सुनंनं तिच्या पाठीला तेल लावलं. माय बी तवा तिच्या पायावर बसली व्हती, पन तिला चालतं, मला न्हाई. पोरीचं बराबर हाय. मी उठून बाहेर आले.